वितळणं सोपं, विझणं अवघड: फ्यूज कसा घडवतात

फ्यूज म्हणजे बारीक तार. जास्त करंट आला की ती वितळते आणि लाइन तुटते. शाळेत एवढंच शिकवतात आणि तेवढं खरंही आहे. पण फ्यूज बनवणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, तार वितळवायचं काम करंट स्वतःच करतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझी परीक्षा तार वितळल्यावर सुरू होते.

कारण तार तुटली म्हणून करंट थांबतोच असं नाही. तुटल्या जागी आर्क पेटतो. तांब्याची वाफ आणि तापलेली हवा हजारो अंशांवर जातात आणि मग ती हवाच वीज वाहून नेते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडसमोर उभं राहा. वेल्डर रॉड टेकवतो आणि किंचित उचलतो. रॉड आणि पत्रा यांच्यात आता अंतर आहे, तरी शंभर-दीडशे अँपिअर खुशाल वाहत असतात. तोच आर्क फ्यूजमध्ये पेटला आणि विझला नाही, तर फ्यूज उडूनही मागची मोटार, केबल, ट्रान्सफॉर्मर जळतच राहतात. वर फ्यूजचा डबाही पेटतो.

आपल्या विजेची एक मेहेरबानी आहे. ती एसी आहे, ५० हर्ट्झची. म्हणजे करंट सेकंदाला शंभर वेळा, दर १० मिलिसेकंदांनी, शून्यावर येतो. त्या क्षणी आर्कला विझायची संधी मिळते. जागा तोवर थंड झाली असेल तर तो विझतो. तापलेलीच असेल तर पुढच्या क्षणी पुन्हा पेटतो. फ्यूजची बहुतेक रचना या एका भांडणाभोवती फिरते: जागा लवकर थंड कशी करायची, आणि जमलंच तर शून्याची वाट न बघता करंट आधीच कसा दाबायचा.

आता दुसरी बाजू. फ्यूज उडायला हवा तेव्हा उडाला पाहिजे हे सगळे सांगतात. उडायला नको तेव्हा उडता कामा नये, हे तितकंच महत्त्वाचं आहे आणि जास्त त्रासाचं आहे. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर मोटारी चालू-बंद होत असतात. सुताराची करवत दर वेळी सुरू होताना अडखळते, पिठाची गिरणी सुरू होताना दिवे मंद होतात. मोटार थेट सुरू केली तर पहिले काही सेकंद ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. त्याला फ्यूज घाबरला तर धंदा चालायचा कसा?

म्हणून फ्यूजला नुसता करंट बघून चालत नाही, किती वेळ तेही बघावं लागतं. एक गळका रांजण डोळ्यांसमोर आणा. त्यात ओतलेलं पाणी म्हणजे तारेत तयार होणारी उष्णता. भोकातून गळणारं पाणी म्हणजे हवेत आणि टोकांच्या तांब्यात निघून जाणारी उष्णता. रांजण काठोकाठ भरला की तार वितळली. बेताचं ओतलं तर जेवढं येतं तेवढं गळून जातं, रांजण कधीच भरत नाही: हा नेहमीचा लोड. थोडं जास्त ओतलं तर तासाभराने का होईना भरतो: हा ओव्हरलोड. आणि टँकर एकदम रिकामा केला तर भोकाचा काही उपयोगच होत नाही, रांजण केवढा आहे एवढंच मोजायचं: हा शॉर्टसर्किट.

या तिसऱ्या प्रकारात हिशोब फार सोपा होतो. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे करंटचा वर्ग गुणिले वेळ हा आकडा त्या फ्यूजपुरता जवळजवळ ठरलेला असतो. पॅनेलवाले त्याला आय-स्क्वेअर-टी म्हणतात. फ्यूजच्या कॅटलॉगात बाकी काही बघितलं नाही तरी हा आकडा बघावा. आपण ज्याला वाचवतोय त्या केबलचा किंवा मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधल्या सेमीकंडक्टरचा आय-स्क्वेअर-टी फ्यूजच्या एकूण आय-स्क्वेअर-टीपेक्षा जास्त पाहिजे. नाहीतर आधी ड्राइव्ह जातो, मग फ्यूज.

तार किती जाड असली की किती करंटला वितळते याचं एक जुनं सूत्र आहे. ब्रिटिश टपाल-तार खात्याचे इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी ते १८८० च्या दशकात मांडलं. (फ्यूज ही कल्पना त्याहून जुनी. विजेचा दिवा घराघरांत यायच्या कितीतरी आधी, १८४७ साली, फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी आकाशातल्या विजेपासून तारयंत्र वाचवायला मध्ये बारीक तारेचा तुकडा घालायला सुचवलं होतं.) प्रीस यांच्या सूत्राप्रमाणे मोकळ्या हवेतली १ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार ८० अँपिअरच्या आसपास वितळते. अर्ध्या मिलिमीटरची २८ ला. साध्या मऊ वायरमधली ०.२ मिलिमीटरची एक बारीक तार ७ अँपिअरला. व्यास दुप्पट केला की करंट दुप्पट होत नाही, पावणेतीन-तीन पट होतो. आणि हा वितळण्याचा आकडा आहे, रोज वाहायचा नव्हे. रोज वाहायचा करंट त्याच्या निम्म्याच्या आसपास धरायचा.

आता किटकॅटसमोर, म्हणजे हाताने तार बांधायच्या चिनी मातीच्या फ्यूजसमोर, रोज होणारा संवाद ऐका.

"काय ओ, सकाळपासून दोनदा गेला की फ्यूज."

"लोड वाढलाय मालक, दोन माग जास्त लावलेत तुम्ही."

"ते राहू दे. जाड तार टाक, परत जायला नको."

वायरमन मग सर्व्हिस वायर सोलतो आणि त्यातल्या चार-पाच तारा एकत्र पिळून किटकॅटमध्ये बांधतो. त्यात दोन गडबडी आहेत. एक, पिळलेल्या चार तारांचा करंट एकीच्या चौपट होत नाही, कारण आतल्या तारांना हवा मिळत नाही. म्हणजे त्या तारेचा आकडा नेमका काय हे कुणालाच माहीत नसतं, वायरमनलाही. दोन, मागची केबल जेवढा करंट झेलू शकते त्याच्या पुढे फ्यूज गेला, म्हणजे आता केबलच फ्यूज झाली. ती भिंतीतून, पत्र्याच्या छताखालून, बिमाच्या (सूत गुंडाळलेल्या मोठ्या रिळांच्या) आणि सुताच्या ढिगांशेजारून गेलेली असते.

पण समजा तार अगदी बरोबर मापाची, कलई केलेली, विकत आणलेली टाकली. तरीही किटकॅटला मर्यादा आहे, आणि ती कळायला शॉर्टसर्किटमध्ये किती करंट येऊ शकतो ते काढावं लागतं. हिशोब दोन ओळींचा आहे. १०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर, ४३३ व्होल्ट बाजूला पूर्ण लोडला १३३ अँपिअर देतो. त्याची इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, साडेचार टक्के धरा. १३३ ला ०.०४५ ने भागा: जवळपास ३,००० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी शॉर्ट झाली तर एवढा करंट येतो. आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कारखान्याचा १,००० केव्हीएचा घ्या, ५ टक्क्यांचा. तिथे हाच आकडा २६,००० च्या पुढे जातो.

चिनी मातीच्या किटकॅटमध्ये तारेभोवती हवाच असते. हवा आर्कला फारसं थंड करत नाही. त्यामुळे असा फ्यूज काही हजार अँपिअरपर्यंतच आर्क विझवू शकतो. त्यापुढे वितळलेलं तांबं बाहेर उडतं, काळं होतं, कधी बेसच फुटतो. कापसाचे तंतू जिथे दिवसभर हवेत तरंगतात आणि बोर्डावर साचतात, तिथे ही उडालेली ठिणगी म्हणजे काय ते माग चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. चादरी-टॉवेलच्या शेडमध्ये मेन बोर्डावर किटकॅट असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस माग असोत नाहीतर पाच.

त्याच्या जागी जो बसतो तो एचआरसी (हाय रप्चरिंग कपॅसिटी), म्हणजे मोठा करंटही तोडू शकणारा फ्यूज. खाली वर तांब्याची पाती, मध्ये पांढरी चिनी मातीची नळी. दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, आणि गेला की फेकून देतात. फेकण्याआधी एकदा हातोडीने फोडून बघाच. डोळ्यावर चष्मा घाला आणि कागद पसरून फोडा.

आधी वाळू सांडते. बारीक, पांढरी, साखरेसारखी. ही क्वार्ट्झ, ९९ टक्क्यांहून शुद्ध. भीमेची किंवा सीनेची वाळू इथे चालत नाही. आपली वाळू बेसॉल्टच्या काळ्या दगडातून आलेली, तिच्यात लोहयुक्त कण असतात आणि तापल्यावर ते वीज वाहायला लागतात. क्वार्ट्झचे दाणेही मोजून मापून निवडलेले असतात: फार जाड घेतले तर मध्ये पोकळ्या राहतात, फार बारीक घेतले तर आर्कमधून निघालेल्या वाफेला शिरायला जागा उरत नाही. भरताना नळी थरथरवत ठेवतात, म्हणजे वाळू घट्ट बसते. ओल तर अजिबात नको, नाहीतर आत वाफ होऊन नळी फुटेल.

वाळू झटकली की पट्टी दिसते. चांदीची किंवा तांब्याची, कागदासारखी पातळ, ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली. भोकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीचा अगदी चिंचोळा भाग उरतो. शॉर्टसर्किटला फ्यूज गेला असेल तर हे सगळे चिंचोळे भाग एकाच वेळी जळालेले दिसतील, आणि प्रत्येकाच्या भोवती वाळू वितळून काळपट राखाडी काचेचा कडक गोळा झालेला असेल. बोटांनी फुटत नाही तो. आर्कची उष्णता वाळू वितळवण्यात खर्च झाली, त्याचा हा पुरावा. ओव्हरलोडला फ्यूज गेला असेल तर मात्र मधोमध एकाच जागी पट्टी तुटलेली दिसेल, बाकीच्या भोकांना काही झालेलं नसेल. म्हणजे मेलेला फ्यूज फोडला तर तो कशाने मेला हे कळतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण "परत का गेला" याची कारणं शोधत अख्खा दिवस घालवण्यापेक्षा बरं.

मधोमधच का तुटतो? तिथे कथिलाचा एक ठिपका असतो. ही युक्ती मेटकाफ यांच्या नावाने ओळखली जाते, १९३९ सालची. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ ला. दीडपट करंटचा ओव्हरलोड तासभर चालला आणि पट्टीने तेवढं तापायची वाट बघितली, तर तोवर नळी, क्लिपा आणि आजूबाजूच्या वायरचं प्लॅस्टिक भाजून निघेल. कथिल २३२ अंशांना वितळतं आणि वितळलं की खालच्या चांदीला किंवा तांब्याला आपल्यात विरघळवून घेतं. पट्टी कमी तापमानालाच तुटते. मोठ्या शॉर्टमध्ये या ठिपक्याला वेळच मिळत नाही, तिथे भोकांच्या बाजूचे चिंचोळे भाग आधी जातात. एकाच पट्टीत दोन वेगळे फ्यूज बसवल्यासारखं आहे हे, आणि मला वाटतं आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये इतक्या थोडक्यात इतकं काम करणारी दुसरी युक्ती सापडणं कठीण.

या ठिपक्याचा एक तोटाही आहे. वारंवार थोडा थोडा ओव्हरलोड झाला तर कथिल हळूहळू पट्टीत शिरत राहतं, फ्यूज उडत नाही पण म्हातारा होतो. म्हणून तीन फेजपैकी एक फ्यूज गेला तर तिन्ही बदलावेत असं कॅटलॉगात लिहिलेलं असतं. दुकानदार जास्त फ्यूज विकायला असं सांगतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, उरलेल्या दोघांनीही तोच मार खाल्लेला असतो.

आता भोकांकडे. भोकं चार-पाच का, एकच मोठं का नाही? प्रत्येक चिंचोळ्या जागी एक आर्क पेटतो आणि प्रत्येक आर्क स्वतःचं व्होल्टेज मागतो. चार-पाच आर्क एकापुढे एक उभे राहिले की त्यांच्या मागणीची बेरीज लाइनच्या व्होल्टेजपेक्षा जास्त होते. लाइनला मग करंट ढकलता येत नाही आणि करंट खाली यायला लागतो, शून्याची वाट न बघता. साधारण दर शंभर-सव्वाशे व्होल्टला एक भोक असा हिशोब धरतात. मग भोकं वाढवतच का नाही नेत? कारण आर्कचं व्होल्टेज फार वाढलं तर ते मागच्या मोटारीच्या इन्सुलेशनवर जाऊन बसतं. शॉर्ट मिटवताना वायंडिंग फोडलं तर काय उपयोग? म्हणून प्रमाणग्रंथात वरची मर्यादाही घातलेली आहे: ६९० व्होल्टपर्यंतच्या फ्यूजसाठी २,५०० व्होल्ट.

या सगळ्याचा परिणाम किती झटपट होतो ते आकड्यात बघू. वरच्या १,००० केव्हीएच्या कारखान्यात बोर्डाजवळ २५,००० अँपिअरची शॉर्ट झाली. करंटची लाट वर चढायला लागली. तिला पूर्ण चढू दिलं असतं तर ती ३५,००० च्या पुढे गेली असती, शॉर्ट वाईट क्षणी झाली असती तर ५०,००० च्याही. १०० अँपिअरच्या चांगल्या एचआरसी फ्यूजची पट्टी एका मिलिसेकंदाच्या आतच जाते, तेव्हा लाट जेमतेम नऊ-दहा हजारांवर पोचलेली असते. तिथून पुढे करंट खालीच येतो आणि काही मिलिसेकंदांत संपतो. बसबारना, म्हणजे बोर्डातल्या जाड धातूच्या पट्ट्यांना, वाकवणारं बल करंटच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे ते दहाव्या हिश्श्याहूनही खाली राहतं. चांगला सर्किट ब्रेकर बटण दाबल्यासारखा उघडतो खरा, पण त्याचे काँटॅक्ट हलायलाच काही मिलिसेकंद लागतात. मोठ्या शॉर्टमध्ये साध्या फ्यूजशी स्पर्धा करणं त्याला जड जातं, म्हणून एमसीबी या छोट्या ब्रेकरच्या मागे बॅकअप म्हणून एचआरसी लावायची पद्धत आहे.

मोहोळकडच्या एका उसाच्या मळ्यात १० एचपीचा पंप आहे असं धरू. एचपीला १.४ अँपिअर या धोपट हिशोबाने पूर्ण लोडला १४ अँपिअर. थेट सुरू केला तर सुरुवातीला सहापट, ८४ च्या आसपास, तीन-चार सेकंद. इथे २० चा जीजी फ्यूज टाकला तर तो सुरू होतानाच जाईल. म्हणून साधारण ३२ चा टाकतात, सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर २५ चाही चालून जातो. जीजी म्हणजे ओव्हरलोड आणि शॉर्ट दोन्हींना उडणारा सर्वसाधारण फ्यूज. मोटारीसाठी एएम नावाचा वेगळा प्रकार मिळतो, तो चारपट करंटच्या पुढेच जागा होतो, त्याच्यासोबत ओव्हरलोड रिले (जास्त करंट टिकला की मोटार बंद करणारा) लागतोच.

आणि ३२ चा फ्यूज ३३ अँपिअरला उडत नाही, हे सांगायला हवं, कारण पुष्कळांचा तसा समज असतो. प्रमाणग्रंथाप्रमाणे ३२ च्या जीजी फ्यूजने ४० अँपिअर तासभर न उडता झेलले पाहिजेत, आणि ५१ ला तासाभरात उडालं पाहिजे. मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी कुणी देत नाही. तेवढी ढिलाई नसती तर फ्यूजने कारखान्यातली कुठलीच मोटार सुरू होऊ दिली नसती.

इथूनच मोटारींचा सगळ्यात मोठा घात होतो. तीन फ्यूजपैकी एक काही कारणाने गेला. चालू मोटार थांबत नाही, दोन फेजवर कण्हत फिरत राहते. उरलेल्या दोन फेजमधला करंट १.७३ पट होतो: १४ चे २४ अँपिअर. फ्यूज ३२ चा आहे. त्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. तो शांत बसतो आणि वायंडिंग अर्ध्या तासात काळं पडतं. रिवायंडिंगच्या दुकानात गेलात तर मालक जळालेल्या कॉइल बघूनच सांगतो, "फेज गेली होती." तिन्ही फेजपैकी काही कॉइल काळ्याठिक्कर आणि काही अगदी तांबूस, कोऱ्या: ही त्याची खूण. म्हणजे मोटारीचा फ्यूज मोटारीला वाचवायला नसतोच. तो केबल आणि स्टार्टर वाचवतो, शॉर्टपासून. मोटारीला वाचवतो ओव्हरलोड रिले आणि एक फेज गेली की मोटार थांबवणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. काही एचआरसी फ्यूजमध्ये एक छोटी खिटी असते, फ्यूज गेला की ती स्प्रिंगने बाहेर येते आणि स्विचलाच पाडते, तिन्ही फेज एकदम बंद. पैसे थोडे जास्त, पण एका रिवायंडिंगच्या बिलात वसूल.

एकामागे एक फ्यूज असतील तर आधी खालचा उडाला पाहिजे, नाहीतर एका मागाच्या शॉर्टला अख्ख्या शेडची लाइट जाते. जीजी फ्यूजसाठी नियम सोपा आहे: वरचा खालच्याच्या किमान १.६ पट. ६३ च्या वर १००, १०० च्या वर १६०. दोघेही एकाच प्रमाणग्रंथानुसार बनवलेले हवेत. वर एचआरसी आणि खाली पिळलेल्या तारांचा किटकॅट असेल तर हा नियम पाण्यात.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. फ्यूजचे आकडे सभोवारची हवा ४० अंशांच्या आत आणि दिवसभराची सरासरी ३५ च्या आत आहे असं धरून दिलेले असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४२-४४ असतं. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पॅनेलच्या आत, इतर फ्यूजच्या शेजारी, आतलं तापमान त्याहून बरंच वर. मग हिवाळ्यात नीट चाललेला फ्यूज मेमध्ये दुपारी तीनला जातो. मालक म्हणतो, उन्हाने गेला, एक नंबर वरचा टाका. उन्हाने गेला हे खरं, पण वरचा टाकणं चूक, कारण त्याच उन्हात केबलचीही ताकद घटलेली असते. फ्यूज वाढवला म्हणजे घटलेल्या केबलवर जास्त करंटची परवानगी दिली. खरं करायचं ते पॅनेलला हवा देणं, नाहीतर केबल एक माप वर नेणं. आणि त्याआधी क्लिपा तपासणं. सैल झालेल्या, निळसर काळ्या पडलेल्या क्लिपेची उष्णता फ्यूजमध्ये जाते आणि लोड जास्त नसतानाही तो उडतो. माझ्या अनुभवात "कारण नसताना जाणारे" फ्यूज बहुधा क्लिपेमुळे जातात.

खेड्यात फ्यूज म्हटलं की डीपीवरचा, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ (ड्रॉप-आउट). ११ हजार व्होल्टच्या बाजूला, खांबावर तिरकी टांगलेली नळी. १०० केव्हीएच्या डीपीला या बाजूने फक्त ५.२५ अँपिअर लागतात, पण फ्यूज साधारण दुप्पट घेतात, कारण लाइट आल्या क्षणी ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरायला दहा-बारा पट करंट एक दशांश सेकंद ओढला जातो. त्यात सगळ्या मळ्यांत ऑटो स्विच लावलेले. लाइट आली की शिवारातले पंप एकदम सुरू. पंपावर माणूस नको म्हणून ऑटो लावायचा आणि डीपी जळाली म्हणून आठवडा अंधारात बसायचं, असा हा सौदा.

डीओची नळी वाळूने नाही, वायूने आर्क विझवते. नळीच्या आत फायबरचं अस्तर असतं. आर्कने ते किंचित जळतं, वायू सुटतो आणि आर्कला खालून फुंकून बाहेर काढतो. त्याचा बंदुकीसारखा आवाज येतो. आतली फ्यूजची तार, म्हणजे लिंक, तुटली की तिचा ताण सुटतो, वरची पकड निसटते आणि नळी खाली लोंबकळते. लांबून दिसतं: डीओ पडला. ही सगळी करामत लिंकच्या ताणावर आणि तिच्या मापावर उभी आहे. तिथे जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार गुंडाळली की आवाजही नाही, पडणंही नाही. ट्रान्सफॉर्मरच तो फ्यूज झाला.

याच्या वर गेलं की फ्यूजचं राज्य संपतं. रायचूर-सोलापूर ७६५ किलोव्होल्टची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाशी एका तालात आली. तिथे कुठे फ्यूज नाही. फताटेवाडीच्या वीज केंद्रातल्या ६६० मेगावॉटच्या संचांनाही मुख्य बाजूला नाही. एवढ्या व्होल्टेजला आर्क विझवायला फ्यूज किती लांब करावा लागेल याचा विचारच न केलेला बरा. शिवाय तिथे क्षणभर लाइन पाडून पुन्हा जोडायची असते, आणि फ्यूज एकदाच मरतो. ते काम रिले आणि ब्रेकरचं.

हल्ली शेडच्या पत्र्यावर सोलर पॅनेल आले आहेत आणि त्यांनी जुनी मेहेरबानी काढून घेतली आहे. पॅनेलची वीज डीसी, एकाच दिशेने वाहणारी. ती शून्यावर येतच नाही, आर्कला विझायची संधी कुणी देत नाही. त्यामुळे ४१५ व्होल्ट एसीचा फ्यूज १,००० व्होल्टच्या डीसी स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या ओळीत) टाकणं म्हणजे आतमध्ये वेल्डिंग मशीन ठेवणं. तिथे जीपीव्ही असं लिहिलेला, सोलरसाठीचा फ्यूजच हवा. अजून एक उलटी गोष्ट: पॅनेल शॉर्ट केलं तरी त्याचा करंट नेहमीपेक्षा दहा टक्के वगैरेच वाढतो, म्हणजे स्वतःच्या पॅनेलच्या शॉर्टला हा फ्यूज उडतच नाही. तो असतो शेजारच्या स्ट्रिंगसाठी. तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर असतील आणि एकीत बिघाड झाला, तर बाकीच्या सगळ्या मिळून तिच्यात उलटा करंट ढकलतात, त्याला अडवायला.

आणि हा फ्यूज भर उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना, होल्डर ओढून बाहेर काढायचा नाही. होल्डर उघडला की त्याच्या दोन तोंडांमध्ये आर्क उभा राहतो आणि हात त्याच्याजवळच असतो. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची लाइन तोडणारा स्विच) पाडायचा, क्लॅम्प मीटरने करंट शून्य बघायचा, मग होल्डरला हात लावायचा.